तुझं आमेन राहिलंय, आक्का

आक्का, तू गेलीस त्या शुक्रवारी अश्केलोनचा समुद्र तीन मैल मागे हटला. वाळूवर मासे तडफडत पडले, किनाऱ्यावरची झाडून सारी कुत्री एका सुरात रडली, आणि बाजारातले भाजीवाले कोथिंबिरीच्या जुड्या हातात धरून मान खाली घालून उभे राहिले.

बरं. समुद्र नाही हटला.

मासेही नव्हते. एक कुत्रं भुंकत होतं, पण ते रोजच भुंकतं. भाजीवाले उभे नव्हते, घाईत होते. शब्बात, म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विश्रामदिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागायच्या आत त्यांना दुकानं बंद करायची होती. समुद्राकडे मी पाहिलंसुद्धा नाही. मी तुझ्या उशाशी होतो आणि खिडकीला पडदा होता.

बघ, आता मी आपणहूनच कापायला लागलो. तू होतीस तेव्हा मला ही चिंता नव्हती. मी फुगवायचं आणि तू टाचणी लावायची, अशी आपली वाटणी होती. आता फुगाही माझा आणि टाचणीही माझीच. हे काही बरं नाही, आक्का. या वयात माणसावर एकदम दोन कामं टाकू नयेत.

हे मी तुला लिहितोय, पण वाचणार आहे तुझी मेघा. ती म्हणाली, "काका, जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं पाळकसाहेब बोलतील. तुम्ही फक्त शेवटचं लिहा. तुम्ही होतात तिथे." म्हणजे नगरच्या ख्रिस्ती देवळात, तुझ्या फोटोसमोर, साऱ्या मंडळीला हे वाचून दाखवणार. आणि त्या मंडळीला काय ऐकायचंय ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. तुझी आई गाणं म्हणत गेली. तुझी मावशी 'दार उघडलं, दार उघडलं' असं म्हणत हसत गेली. तुमच्या घराण्यात साधं मरण कुणी मेलंच नाही. मेघाने फोनवर पहिलं विचारलं तेही तेच. "काका, आई काय म्हणत गेली?"

आणि तू, माझे आई, मला सांगून ठेवलंस, "विलास, माझ्याबद्दल बोलशील तेव्हा एक तीळ वाढवायचा नाही." मी हो म्हटलं. आयुष्यभर ज्याने तिळाचे डोंगर केले त्याच्याकडून हा शब्द घेतलास, आणि मग असं मरण मेलीस.

तर पहिल्यापासून सांगतो. मंडळीला माहीत नाही म्हणून. तुला सगळं पाठ आहे.

आपण दोघं इथे इस्राएलात दुसऱ्यांचे म्हातारे सांभाळायला आलो. तू दवाखान्यातली नर्स, रिटायर होऊन आलेली. मी नगरला टेम्पो चालवणारा, ज्याने म्हाताऱ्या माणसाला आयुष्यात फक्त नमस्कार केलेला. माझ्या वाट्याला रुमानियाकडून आलेला एक आजोबा, सहा फूट उंच, त्याला मराठीचा एक शब्द कळेना आणि मला त्याचा. पहिल्या आठवड्यात मी त्याला पलंगावरून उचलायला गेलो आणि दोघंही खाली. तू दोन गल्ल्या पलीकडून आलीस, पदर खोचलास आणि म्हणालीस, "कमरेतून नाही, गुडघ्यातून वाक. आणि त्याला पोतं समजू नकोस. आधी त्याला सांग, मग उचल."

"सांगू कुठल्या भाषेत?"

"मराठीत सांग. आवाज कळतो माणसाला."

त्या दिवसापासून मी त्याला रोज मराठीत सांगतो, 'आजोबा, आता उठायचं बरं का.' तो रुमानियन भाषेत शिव्या देतो आणि उठतो. माझी कंबर अजून शाबूत आहे ती तुझ्यामुळे. हे मी तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, "मग कंबर वाकवून ते भांडं घास."

शनिवारी आपली, म्हणजे इथे म्हातारे सांभाळणाऱ्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या गटाची, उपासना. इथे रविवारी सगळे कामावर, सुट्टी मिळणार शब्बातची. म्हणून आपण देवाला एक दिवस अलीकडे आणलं. जागा फ्लोराआजीची. मंडळींनो, ही फ्लोराआजी म्हणजे आक्का जिला सांभाळायची ती. अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, म्हातारी, नव्वदीला टेकलेली, चाकाच्या खुर्चीत. मुंबई सोडली त्या दिवशी जी मराठी तोंडात होती ती तशीच जपून ठेवलेली. तिनेच बोलावलं होतं आपल्याला. "माझ्याकडेच करा काय ते. नातवंडं माझ्याशी हिब्रूत बोलतात, कान किटले माझे. तुमचा देव कुठला का असेना, गाणी मराठी आहेत ना? फक्त गॅस पेटवायचा नाय, शब्बात आहे." म्हणून शुक्रवारीच लावून ठेवलेल्या पाण्याचा तो उकळून उकळून कंटाळलेला चहा पीत आपण प्रभूची स्तुती करायचो, आणि यहुदी म्हातारी खुर्चीत बसून टाळ्या वाजवायची, त्याही ताल सोडून.

गीत झालं, प्रार्थना झाली, की साक्ष. आठवडाभरात देवाने काय केलं ते उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, हे आपल्याकडे गावोगाव चालतं. पण आपल्या खोलीत एक वेगळा कायदा होता. पहिलं आमेन तुझं. आणि तुझं आमेन फुकट मिळायचं नाही. सांगणारा उभाच. तू चष्म्यावरून बघणार, एकेक प्रश्न विचारून त्याची साक्ष सोलणार, आणि आतला गर हाती लागला की मगच आमेन.

रॉकेटची साक्ष आठवते?

"सायरन झाला," मी सांगत होतो, "मी आजोबांची खुर्ची घेऊन सुसाट सुटलो. रॉकेट माझ्या कानाजवळून गेलं! गालाला धग लागली. मी ओरडलो, प्रभू! आणि ते वळलं."

"वळलं?"

"थोडंसं."

"विलास, पडलं कुठे?"

"शेतात."

"कुठल्या?"

"गावाबाहेरच्या."

"आणि तू?"

"जिन्याखाली."

"आवाज तरी ऐकलास का?"

"ऐकला म्हणजे… शेजारीण म्हणाली, झाला."

सगळे हसत होते. तू हसली नाहीस. "घाबरलास?" तू विचारलंस.

मला वाटलं होतं, तू टिंगल करशील. तू खरंच विचारत होतीस. मी म्हटलं, "लई घाबरलो, आक्का. पाय लटपटले. आजोबांनी माझा हात धरला तेव्हा कुठं थांबले."

"आमेन," तू म्हणालीस.

फ्लोराआजी मात्र नाराज. "पहिलीच गोष्ट बरी होती गो. वळलेलं रॉकेट किती छान. तू कशाला मारलीस ती?"

आक्का, मला तेव्हा राग यायचा. मी घरी जाऊन आजोबांना मराठीत तुझ्या चहाड्या सांगायचो. पण आज सांगतो, माझ्या आयुष्यात खरं असं जे काही उरलंय ते तू सोलून काढलेलंच आहे. बाकी सगळं साल.

दुसरा कायदा वाढदिवसाचा. केक नंतर, आधी उभं राहून सांगायचं, "यंदा काय उमजलं?" तुझं म्हणणं ठाम होतं. देहाचं वय न मागता वाढतं, पण शहाणपण मात्र गुडघे टेकून मागावं लागतं, आणि मागितलं तर तो देतोच. देव केस पांढरे करतो ते उगीच नाही, तू म्हणायचीस, एकेका केसामागे एकेक गोष्ट शिकवून मगच करतो.

"मग माझ्यासारख्या टकल्याचं काय?" मी विचारलं होतं.

"तुला शिकवून तो थकला, सगळे परत घेऊन गेला."

माझी उत्तरं तशीच असायची. यंदा उमजलं की रुमानियन माणसाला खिचडी आवडते, पण तिला खिचडी म्हणायचं नाही. तुझी उत्तरं मात्र मी घरी नेऊन चघळायचो. एका वर्षी तू म्हणालीस, "यंदा उमजलं, ज्यांना क्षमा केली असं मी सांगत फिरत होते, त्यांना मी केलीच नव्हती." दुसऱ्या वर्षी, "माझं बरोबर असतं तेव्हा मी फार मोठ्यांदा बोलते." मी मनाशी म्हणायचो, ही बाई चढतेय. दरवर्षी एक पायरी. आपण खाली उभं राहून हिच्याकडे बघत राहायचं, आणि कधी तरी आपलं म्हातारपण आलं की हिच्याच पायऱ्यांनी वर जायचं. माझा सगळा हिशेब तुझ्यावर होता, आक्का. स्वतःचा असा मी काही केलाच नाही.

मग ते गालीलच्या सरोवरावरचं भांडण. रामला गावच्या ड्रायव्हरची मिनीबस करून आपण सगळे गेलो होतो; फ्लोराआजीलाही तिच्या मुलाने पाठवलं, खुर्ची टपावर बांधून. पाण्याच्या काठाला दगडांवर बसून तू शास्त्र उघडलंस. तोच प्रसंग काढलास. याच पाण्यावर, प्रभू त्या जुन्या कोळी शिष्याला सांगतो की तरुणपणी तू आपली कंबर आपण बांधून हवं तिकडे जायचास, पण म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील, दुसरा कोणी तुझी कंबर बांधील, आणि तुला नको असेल तिकडे नेईल.

मी ताडकन उठलो. "आक्का, हे तर माझं काम! रोज सकाळी आजोबांची पँट मीच चढवतो, पट्टा मीच बांधतो, आणि त्यांना नको असतं तिकडे, म्हणजे आंघोळीला, मीच नेतो. प्रभूने त्या कोळ्याला सांगितलं, घाबरू नकोस बाबा, म्हातारपणी तुला केअरटेकर मिळेल!"

सगळे गडगडाटी हसले. बदकंही हसली. (बरं, बदकं उडाली.) तू लाल झालीस.

"वचनाची थट्टा नको. हे त्याच्या मरणाबद्दल आहे. तो वधस्तंभावर हात पसरून जाईल असं सांगितलंय. तरुणपणी कोंबडा आरवायच्या आत प्रभूला नाकारणारा माणूस म्हातारपणी इतका पक्का झाला की मरणासमोर उभा राहिला. वय माणसाला पक्कं करतं, देवाने धरलं तर."

"वधस्तंभावर न्यायला कुणी कंबर बांधून देतं का? आधी आपली रोजची सकाळ बघ ना. हात पुढे कर, बाही घाल, दुसरा हात. यालाच म्हातारपण म्हणतात."

"ती लाचारी झाली."

"लाचारी? आमचे आजोबा रोज अर्धा तास भांडतात एका बाहीसाठी. हात पुढे करायला किती जोर लागतो ते त्यांना विचार."

"मी नाही करणार," तू म्हणालीस. "मी जाईन ती माझी कंबर मी बांधून."

परतीच्या वाटेवरही आपण भांडत होतो. अश्केलोन येईपर्यंत ड्रायव्हरला दोन्ही बाजू कळल्या असाव्यात, कारण उतरताना त्याने माझ्या खांद्यावर सहानुभूतीने हात ठेवला. पुढे दर काही दिवसांनी तू पुन्हा तो विषय काढायचीस, भांडी घासताना, बस स्टॉपवर, कुठेही. "त्या कोळ्याचं मी पुन्हा वाचलं," तू म्हणायचीस, "तू चुकतोस." कधी जिंकावंसं वाटलं नव्हतं मला ते भांडण. देवाशपथ नव्हतं.

तुझे डोळे पिवळे झालेत हे पहिलं फ्लोराआजीला दिसलं. "गो सुमन, डोळे हळदीवाणी का गो तुझे?" तू म्हणालीस, उजेडाचं असेल. एवढी जन्माची नर्स, शंभर माणसांची कावीळ दुरून ओळखणारी, स्वतःच्या बाबतीत म्हणते उजेडाचं असेल! हॉस्पिटलमध्ये पोटाचा फोटो काढला आणि डॉक्टरने हिब्रूत बरंच काही सांगितलं. तू त्याच्या तोंडाकडे न बघता फोटोकडेच बघत होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "चल, फ्लोराबाईंची गोळीची वेळ झाली."

घरी जायचं तिकीट काढलं होतं. मेघा, तू तिकडे आईची खोली रंगवायला घेतली होतीस, मला माहीत आहे. तुझी आई मला रोज सांगायची, कुठला रंग ते. पण ती विमानात बसण्यासारखी राहिली नाही. आणि फ्लोराआजीच्या मुलाने हळूच विचारलं की आता आईसाठी दुसरी कुणी बघावी का, तर म्हातारी खुर्चीचे हात आपटून ओरडली, "दुसरी बघ, पण हिला इथून हलवायची नाय! हिने माझं सगळं केलंय, घाणसुद्धा. ही माझ्या घरातून जाणार ती देवाकडेच." मग एका खोलीत दोन पलंग झाले. दोघींना पाळीपाळीने आपल्या गटातल्या बायका बघू लागल्या, आणि दुपारी आजोबा झोपले की मी धावत यायचो.

तू किती भांडलीस, आक्का. पाण्याचा पेला धरू द्यायची नाहीस. हात थरथरून अर्धं पाणी अंगावर, तरी नाही. त्या निळ्या स्वेटरची बटणं लावायला तुला इतका वेळ लागायचा की बघणाऱ्याचा जीव जायचा. मी एकदा म्हटलं, "हात पुढे कर, मी घालतो."

"मी काय तान्ही आहे?"

"त्या कोळ्याला प्रभूने काय सांगितलं होतं?"

"मरायला टेकले तरी तुझा अर्थ मान्य करणार नाही," तू म्हणालीस, आणि हसलीस. मीही हसलो. बाहेर जाऊन जिन्यात बसलो आणि पुन्हा आत यायला मला बराच वेळ लागला.

मधेच तुझा वाढदिवस येऊन गेला. सगळे पलंगाभोवती उभे. कुणीतरी विचारलं, आक्का, यंदा काय उमजलं? तू डोळे मिटलेस. "नंतर सांगते," म्हणालीस. आम्हाला वाटलं, थकलीय.

आणि मग तो शुक्रवार.

दुपार उतरत आली होती. दर शुक्रवारी फ्लोराआजीच्या मेणबत्त्या तू मांडून द्यायचीस. त्या दिवशी मी मांडल्या, वाकड्या. म्हातारी म्हणाली, "सुमन सरळ लावते." तू ते ऐकलंस. मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, मेणबत्त्यांवरून बोलणी खाणार.

"विलास, वाढदिवसाचं माझं सांगायचं राहिलंय."

"सांग, आक्का."

"काही उमजलं नाही."

मी म्हटलं, असं कसं.

"खरंच. मला वाटायचं, वय झालं की वरून दिसेल सगळं, डोंगरावरून गाव दिसतं तसं. काही दिसत नाही रे. नुसतं धुकं. प्रार्थना करायला जाते, तर शब्द लागत नाहीत. प्रभूची प्रार्थना अर्ध्यावर विसरते. आणि मला भीती वाटते."

मग तू माझी बाही पकडलीस आणि विचारलंस, "तो आहे ना रे?"

आक्का, कुणाला विचारलंस तू हे! त्या खोलीत, त्या गावात, त्या अख्ख्या देशात, जिथे दर कोपऱ्यावर देवाबद्दल छातीठोक सांगणारा माणूस उभा आहे, तिथे तुला विचारायला मी सापडलो. माझ्या तोंडात एका क्षणात दहा गोष्टी आल्या. प्रकाश दिसतोय, दार उघडलंय, तुझी आई उभी आहे, मला स्वप्न पडलं होतं. सगळ्या तयार होत्या, मीठमसाल्यासकट. एक सांगितली असती तर तू शांत झाली असतीस का? मला माहीत नाही. त्या दिवसापासून मी हेच विचारतोय आणि भिंतीवर डोकं आपटतोय. पण तू चष्म्याशिवायसुद्धा माझ्याकडे तशीच बघत होतीस, आणि माझ्याच्याने वाढवलं गेलं नाही. मी म्हटलं, "मला माहीत नाही, आक्का. पण आहे असं मला तूच सांगितलंस. आणि तू कधी वाढवून सांगत नाहीस."

तू माझी बाही सोडलीस. मग म्हणालीस, "गार लागतंय."

मी निळा स्वेटर उचलला. सवयीप्रमाणे तुझ्या हातात द्यायला गेलो. तू घेतला नाहीस. तू दोन्ही हात पुढे केलेस.

एक बाही घातली. मग दुसरी. बटणं मी लावली, वरचं गळ्याशी लागत होतं म्हणून सोडलं. भांडली नाहीस. फ्लोराआजीने मेणबत्त्या पेटवल्या, डोळ्यांवर हात घेतले, आणि तिच्या त्या जुन्या प्रार्थनेत मध्येच तुझं नाव घेतलेलं मला ऐकू आलं. तिने डोळे उघडले तेव्हा म्हणाली, "विलास, बघ तिच्याकडे." मी बघितलं.

मेघाला फोन तिने मलाच लावायला सांगितला. "मला शब्बात आहे. तू लाव. तुझा देव तुला काय म्हणत नाय."

तेव्हा मेघा, तू मला विचारलंस, काका, आई काय म्हणत गेली, आणि मी म्हटलं, लाइन खराब आहे, लिहून कळवतो. लाइन खराब नव्हती.

आई गाणं म्हणत गेली नाही. तिला भीती वाटत होती. तिला काही दिसत नव्हतं. सबंध आयुष्य देवाकडे शहाणपण मागून शेवटी ती रिकाम्या हातांनी बसली होती, आणि ते रिकामे हात तिने पुढे केले. मी पाहिलं ते इतकंच. याचा अर्थ काय तो पाळकसाहेबांना विचार. मला विचारशील तर, दरवर्षी ती जी एकेक पायरी चढत होती असं मला वाटायचं, ती कदाचित पहिल्यापासून उतरतच होती, आणि तो खाली उभा राहून बाही धरून वाट बघत होता. पण हे मी म्हणतोय, आणि माझं कोण ऐकतं. रात्री मला पटतं आणि सकाळी आजोबांचा पट्टा बांधताना पुन्हा काहीच पटत नाही. तू गेलीस ती सगळं बरोबर घेऊन गेलीस, आक्का. आता कुणाच्या पायऱ्यांकडे बघू? मी गटात सगळ्यात वयस्क झालोय. मला म्हणतात, काका, आता पहिलं आमेन तुम्ही म्हणा. मला! दुधाची राखण कोणी बोक्याला देतं का?

भांडण मी जिंकलो, असं धरायचं का? मला नको ते. परत घे. एकदा उठून बस आणि म्हण, तू चुकतोस, मी पुन्हा वाचलं.

तुझी पेटी विमानात चढली त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. उकळलेला चहा होता. गीत झालं, ते कुणालाच धड गाता आलं नाही. मी साक्षीला उभा राहिलो आणि वर लिहिलंय तेच सांगितलं. रॉकेट नाही, प्रकाश नाही. धुकं, भीती, तुझा तो प्रश्न, स्वेटर. सांगून झालं. कुणी आमेन म्हणेना. मी उभा. सगळ्यांचं एकच झालं होतं, आक्का: पहिलं आमेन तुझं, आणि तू अजून म्हणाली नव्हतीस. रिकाम्या पलंगावर निळा स्वेटर घडी करून ठेवला होता, आणि कुणाची तोंड उघडायची छाती होईना.

शेवटी फ्लोराआजी म्हणाली, "झालं ना रे? मग बस आता. पाय दुखतील."

मी म्हटलं, "आजी, अजून तिने विचारलं नाही."

माझ्याबरोबर आजीही पलंगाकडे बघत राहिली.

सांग, आक्का. कुठे फुगलंय? काय कापू? सुरुवातीचा समुद्र मीच परत जागेवर ठेवला. बदकंही उडवली. बाकी एक तीळ वाढवलेला नाही. मी उभा आहे.